शिडांमधली फट

वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पाहा. वारा उत्तरेकडून येतो आहे आणि शिडाच्या होडीला उत्तरेकडेच जायचे आहे. जाता येईल का? बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील. वारा होडीला ढकलतो, मग समोरून येणारा वारा तिला मागेच नेणार, असा त्यांचा तर्क असतो.

खलाशी मात्र शतकानुशतके हे करीत आले आहेत. अगदी नाकासमोर जाता येत नाही, पण वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून आधी ईशान्येकडे, मग वायव्येकडे, असे नागमोडी जाता येते. वारा समोरचा असला तर आडवेतिडवे जाऊन बंदर गाठायचे, हे शिडाच्या दिवसांत कोकणातल्या तांडेलालाही ठाऊक होते. शिडावर येणारे बल बरेचसे आडवे असते. होडीचा तळाचा कणा तिला आडवे सरकू देत नाही, त्यामुळे बलाचा पुढचा हिस्सा तेवढा कामी येतो. पण मुळात ते बल येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट या बेटाभोवती शर्यत झाली आणि ती ‘अमेरिका’ नावाच्या परदेशी जहाजाने जिंकली. इंग्लिश जहाजांची शिडे अंबाडीसारख्या धाग्याच्या जाड कापडाची आणि चांगली पोट सुटलेली असत. जितके पोट मोठे तितका वारा जास्त धरला जाईल, ही समजूत. ‘अमेरिका’ची शिडे सुती, घट्ट विणीची आणि बरीच सपाट होती. वाऱ्याच्या तोंडावर जाताना तीच सरस ठरली. ती का सरस, हे मात्र तेव्हाच्या कोणत्याही पुस्तकात सापडले नसते.

त्या काळचे शास्त्र न्यूटनच्या विचारातून निघालेल्या एका नियमावर उभे होते. हवेचे कण छर्ऱ्यांसारखे येऊन पृष्ठभागावर आपटतात असे मानले, तर बल हे कोनाच्या ‘साइन’च्या वर्गाच्या प्रमाणात निघते. १५ अंशांच्या कोनात ते पूर्ण बलाच्या केवळ पंधराव्या हिश्शाएवढे भरते. प्रत्यक्षात शिडावर याच्या कितीतरी पट बल येते. चूक होती ती गृहीतकात. हवेचे कण सुटे छर्रे नाहीत. शेजारच्या हवेला ढकलत, ओढत सगळा प्रवाह एकत्रच वळतो.

हे उमगण्यास मदत झाली ती पक्ष्यांची. जर्मनीच्या ओटो लिलिएंटालने १८८९ साली आपली मोजमापे प्रसिद्ध केली. सपाट फळीपेक्षा किंचित वाकवलेल्या फळीवर लहान कोनात फार मोठे बल येते, असे त्यांतून दिसले. १९०२ मध्ये कुट्टाने याचे गणित मांडले, तेव्हा त्याने घेतलेला आकार होता वर्तुळाचा पातळ कंस, म्हणजे जणू शिडाचा आडवा छेदच! थोड्याच वर्षांत रशियाच्या झुकोव्हस्कीने ते सूत्र व्यापक केले. सरळ वाहणाऱ्या वाऱ्यात पंखाभोवती फिरणारा एक प्रवाह मिळवला, की फुगीर बाजूला वेग वाढतो व दाब घटतो, खोलगट बाजूला वेग घटतो व दाब वाढतो. शिवाय पंखाच्या पुढची हवा पंखापाशी पोहोचण्याआधीच फुगीर बाजूकडे वळू लागते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गोष्टीचा मुख्य भाग. बहुतेक शर्यतीच्या होड्यांना दोन शिडे असतात: डोलकाठीला बांधलेले मोठे शीड आणि त्याच्या पुढे एक त्रिकोणी शीड. दोन्हींच्या मध्ये अरुंद फट राहते. दोन शिडे एकत्र असली की होडी अधिक चांगली चालते, हा अनुभव. १९२०च्या सुमारास विमानाच्या पंखातही फट ठेवण्याची युक्ती निघाली आणि तीही उपयोगी ठरली. मग शिडांवरील पुस्तकांतून एक सुटसुटीत स्पष्टीकरण रूढ झाले. नळी अरुंद झाली की पाणी जोरात वाहते, तशी फटीत शिरलेली हवा वेगाने धावते. वेग वाढला म्हणजे बर्नुलीच्या तत्त्वाप्रमाणे दाब घटला आणि मोठ्या शिडाला जादा ओढ मिळाली!

स्पष्टीकरण इतके नेटके होते की सुमारे अर्धे शतक ते पुस्तकामागून पुस्तकांत उतरत राहिले. ते तपासले आर्व्हेल जेंट्री यांनी. जेंट्री अमेरिकेत विमाने बनविणाऱ्या कंपनीत वायुगतिकीचे काम करीत आणि सुटीच्या दिवशी शिडाची होडी चालवीत. पुस्तकांतील शिडाभोवतीच्या प्रवाहरेषा कोणी मोजलेल्या नाहीत, अंदाजाने काढलेल्या आहेत, हे त्यांना खटकले. त्यांनी विद्युतवाहक कागद वापरला. अशा कागदावरील समान विद्युतदाबाच्या रेषा आणि आदर्श द्रवाच्या प्रवाहरेषा एकाच समीकरणाने बांधलेल्या असतात. त्यामुळे कागदावर शिडांचे आकार मांडून विद्युतदाब मोजला, की प्रवाहाचा नेमका नकाशा मिळतो. पाण्याच्या पाटात प्रयोग करून त्यांनी त्याचा पडताळाही घेतला. १९७१ मध्ये त्यांनी निबंध वाचला आणि १९७३ मध्ये खलाश्यांच्या मासिकातून लेखमाला लिहिली.

निष्कर्ष उलटा होता. पुढचे शीड लावल्यावर फटीतून जाणारी हवा वाढत नाही, घटते. फटीच्या तोंडाशी वारा मंदावतो. बाहेर पडताना तो पुन्हा वेग घेतो, पण मोठे शीड एकटे असताना जितका असता साधारण तितकाच. कारण उघड आहे. नळीतल्या पाण्याला दुसरी वाट नसते, शिडापुढच्या हवेला असते. ती बाहेरून वळसा घालून जाते. आणि फटीत दाब खरोखरच घटला असता, तर फटीच्या दुसऱ्या भिंतीचे, म्हणजे पुढच्या शिडाचे काय झाले असते? तेही आत, नको त्या बाजूला ओढले गेले असते. हा साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नव्हता.

मग दोन शिडांचा फायदा कशाने? मोठ्या शिडापुढची हवा आधीच वळलेली असते, हे आपण वर पाहिले. पुढचे शीड नेमके त्या वळलेल्या हवेत उभे असते आणि त्याची मागची कड मोठ्या शिडाजवळच्या वेगवान प्रवाहात येते. दोन्हींमुळे पुढच्या शिडाचे बल पुष्कळ वाढते. मोठ्या शिडाचे बल उलट कमी होते, पण त्याच्या पुढच्या कडेजवळचा दाबाचा तीव्र उतार सौम्य झाल्याने प्रवाह त्याच्यापासून सुटत नाही. पुढे १९७५ मध्ये ए. एम. ओ. स्मिथ यांनी विमानाच्या फटी असलेल्या पंखांचेही असेच विश्लेषण मांडले.

खलाश्यांचा अनुभव खरा होता, सिद्धांतही खरा होता, चुकीचा होता तो दोघांना जोडणारा दुवा. परिणाम बरोबर आला म्हणजे सांगितलेले कारण बरोबर असते असे नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. पंखाची वरची बाजू लांब असते, म्हणून वरची हवा खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठण्यासाठी वेगाने जाते, असे आपल्यापैकी अनेकांनी वाचले आणि शिकवले असेल. शीड म्हणजे नुसते कापड. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या असतात, तरी बल मिळते! धुराचे प्रयोग तर दाखवतात की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच कडेला पोहोचते, दोघींची गाठ पडतच नाही.

वर्गात नळाखाली एक चमचा दोन बोटांत सैल लोंबता धरा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. चमचा दूर ढकलला जाईल की धारेत ओढला जाईल, हे मुलांना आधी सांगायला लावा. चमचा ओढला जातो, आणि धार उलट्या बाजूला वळलेली दिसते. शिडाची गोष्ट हुबेहूब अशी नाही, पण प्रवाह वळवला की उलट बल मिळते, हे मूळ सूत्र येथे डोळ्यांना दिसते. मग मुलांनी कारण सांगितले, की लगेच ‘बरोबर’ म्हणू नका. ‘हे तपासायचे कसे?’ असे विचारा.