गर्भवतीचें आत्मचित्र

गरोदर स्त्रीनें आरशासमोर उभें राहून, एक हात पोटावर ठेवून, दुसऱ्या हातांतील मोबाइलनें आपलें छायाचित्र टिपावें, हें दृश्य आज सर्वपरिचित झालें आहे. उजेड कोणत्या बाजूनें यावा, मान किती कलावी, सुजलेलीं पावलें चित्रांत न येतील असें कसें उभें राहावें, याची ती बारकाईनें योजना करते. वडीलधाऱ्यांपैकीं कोणी यास नटवेपणा म्हणतात, तर कोणी दृष्ट लागेल म्हणून धास्तावतात. परंतु या हौसेच्या मागें कित्येक शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत हौसेच्या जोडीला मरणाचें भय सतत उभें आहे.

इंग्लंडमध्यें पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांत सरदारघराण्यांतून गरोदर स्त्रियांचीं चित्रें काढवून घेण्याची चाल पडली. ब्रूज शहरीं जन्मलेला मार्कस गीरार्ट्स हा चित्रकार त्या कामीं विशेष नांवाजलेला होता. त्यानें १५९५ च्या सुमारास काढलेलें एका अनामिक स्त्रीचें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. मोत्यांनीं मढविलेल्या उंची पोशाखांतही तिचें वाढलेलें पोट स्पष्ट दिसतें. त्या काळीं बाळंतपण हा पुनर्जन्मच होता. त्यांतून बाई उठेल कीं नाहीं, याची शाश्वती कोणासही नसे. म्हणून असें चित्र जसें वंशाच्या आशेचें, तसेंच, प्रसंग ओढवल्यास, घरीं मागें राहणारें अखेरचें रूपही असे.

तें भय किती खरें होतें, हें एलिझाबेथ जोसेलिन हिच्या कथेवरून कळतें. १६२२ सालीं पहिल्यानेंच गरोदर असतांना तिनें गुपचूप स्वतःचें कफन आणवून ठेवलें, आणि न जन्मलेल्या बाळासाठीं आईचा उपदेश लिहावयास घेतला. मुलगी झाली आणि नऊ दिवसांनीं आई गेली. तिचें अपुरें लिखाण १६२४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. कुंचला तिच्या हातीं नव्हता. तिनें आपलें रूप शब्दांत ठेवलें. मोत्यांनीं नटलेल्या सरदारस्त्रियांच्या हातींही कुंचला नव्हताच. त्यांचें रूप रंगवीत असे दुसरा, आणि पुढें व्हिक्टोरिया राणीच्या काळांत तर गरोदरपण लोकांच्या दृष्टीआड ठेवणें हीच शालीनता ठरली.

हा कुंचला स्वतःच्या हातीं घेणारी स्त्री जर्मनींत निघाली. पाउला बेकर हिचा जन्म ८ फेब्रुवारी १८७६ रोजीं ड्रेस्डेन येथें झाला. ब्रेमेनजवळच्या व्होर्प्सवेडे या खेड्यांत चित्रकारांची वसाहत होती. तेथें ती शिकावयास गेली, आणि तेथीलच ऑटो मोडरझोन या विधुर चित्रकाराशीं २५ मे १९०१ रोजीं तिचा विवाह झाला. संसार व सावत्र मुलगी सांभाळून ती चित्रें काढीत असे; परंतु त्या लहानशा जगांत तिचा जीव गुदमरूं लागला. फेब्रुवारी १९०६ मध्यें पतीचें घर सोडून ती एकटीच पॅरिसला गेली.

त्याच वर्षीं २५ मे रोजीं तिनें स्वतःचें चित्र रंगविलें. कमरेस शुभ्र वस्त्र, गळ्यांत ठसठशीत मण्यांची माळ, वरचें अंग उघडें. दोन्ही हातांनीं तिनें पोटाला जणूं कवेंत घेतलें आहे, मान किंचित् कललेली आहे आणि नजर थेट पाहणाऱ्याकडे आहे. आपण हें तिसाव्या वर्षीं, लग्नाचा दिवस धरून सहाव्या विवाहदिनीं काढलें, असें तिनें चित्रावरच लिहिलें. मात्र सही केली ती पतीचें आडनांव गाळून, नुसती 'पी. बी.' अशी.

नवल हें कीं, त्या वेळीं ती गरोदर नव्हती! निदान सध्यां तरी आपणांस त्याच्यापासून मूल नको, असें तिनें त्याच वर्षीं पतीला लिहून कळविलें होतें. मग हें चित्र कशाचें? कोणी त्यांत मातृत्वाची आस पाहतात, तर कोणी जन्मास येऊं पाहणारी कला. अर्थ कोणताही घ्या. येथें मोतीं नाहींत, घराण्याचा डौल नाहीं. ज्या देहाला जगानें पडद्याआड ठेवलें, त्याला तिनें मूर्तीची भव्यता दिली. तिनें स्वतःला सुंदर दाखविलें तें याच अर्थानें.

पुढें पतीपत्नींचा समेट झाला, आणि १९०७ सालीं तिला खरोखरच दिवस गेले. त्या वर्षींच्या एका आत्मचित्रांत तिनें एका हातांत दोन फुलें उंच धरलीं असून दुसरा हात पोटावर ठेवला आहे. २ नोव्हेंबरला मुलगी झाली. सक्तीच्या विश्रांतीनंतर २० नोव्हेंबरला ती अंथरुणावरून उठली, आणि रक्ताची गुठळी अडकून तत्काळ कोसळली. 'वाईट झालें,' एवढाच उद्गार तिच्या तोंडून निघाल्याचें सांगतात. तिचें वय अवघें एकतीस होतें. हयातींत तिचीं चित्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच विकलीं गेलीं. १९२७ सालीं मात्र ब्रेमेनमध्यें तिच्या नांवाचें संग्रहालय उघडलें. एका चित्रकर्त्रीला वाहिलेलें तें जगांतील पहिलें संग्रहालय होय. विवाहदिनाचें तें चित्र आज तेथेंच आहे.

गर्भवतीला नटविणें महाराष्ट्राला नवें नाहीं. डोहाळेजेवणाची हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, धनुष्यबाण हा सगळा थाट त्यासाठींच. कॅमेरा आल्यावर त्या थाटाचें छायाचित्रही घराघरांत जपलें जाऊं लागलें. पण तेथेंही सजविणारे हात दुसऱ्यांचे आणि बैठक छायाचित्रकारानें ठरविलेली. १९९१ सालीं अमेरिकेंत डेमी मूर या गरोदर नटीचें विवस्त्र छायाचित्र एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आलें, तेव्हां मोठें वादळ उठलें; कित्येक दुकानांनीं अंक वेष्टनांत गुंडाळून विकला. तें छायाचित्रही ॲनी लीबोविट्झ या दुसऱ्या स्त्रीनें घेतलेलें होतें.

आज तें साधन ज्या त्या स्त्रीच्या मुठींत आलें आहे. भय मात्र सरलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं गरोदरपणीं व बाळंतपणांत जगांत सुमारें २,६०,००० स्त्रिया मृत्यु पावल्या. म्हणून आरशासमोर उभी राहून जी स्त्री आपलें रूप मनासारखें टिपून ठेवते, तिला उथळ म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. एका मोठ्या संकटाच्या उंबरठ्यावर उभी राहून, आपण कशा दिसलों हें ती स्वतःच ठरवीत असते. तेवढ्यासाठीं तिच्या आधींच्या स्त्रियांना फार वाट पाहावी लागली.