काइंड ऑफ ब्लू : एका तबकडीचा सूर

गाण्याची तबकडी घरी आणली म्हणजे गाणे घरी आले, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. गवय्याने जो सूर लावला तोच सूर तबकडीतून निघतो, याविषयी आपण कधी शंका घेत नाही. आज ज्या तबकडीची हकीकत आम्ही सांगणार आहोत ती जगातल्या अत्यंत लोकप्रिय तबकड्यांपैकी एक आहे. तथापि तिची पहिली बाजू तीस वर्षांहून अधिक काळ चढ्या सुरात वाजत राहिली. लाखो लोकांनी ती ऐकली, तिच्यावर प्रेम केले, तिच्यावरून वाजवणे शिकले. आणि वादकांनी जे वाजवले होते ते नेमके त्यांच्या कानी कधी पडलेच नव्हते.

ही तबकडी म्हणजे अमेरिकन तुतारीवादक माइल्स डेव्हिस याची ‘काइंड ऑफ ब्लू’. ती न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली मुद्रित झाली. संगीत जॅझ आहे. जॅझ म्हटले की आपल्याकडे काही मंडळी कानावर हात ठेवतात. वास्तविक हे संगीत आपल्याला अगदीच परके नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे याचे वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागले होते. पुढे चिक चॉकलेटसारखे गोमंतकीय वादक हे संगीत वाजवून पोट भरत, आणि हीच मंडळी दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. आपण ज्या गाण्यांवर मान डोलावली त्यांत जॅझचा अंश कितीतरी आहे. फक्त त्याचे नाव आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची निर्मिती. १९४०च्या सुमारास चार्ली पार्कर वगैरे मंडळींनी तिला असे वळण दिले की, ती नाचण्याची राहिली नाही, बसून ऐकण्याची झाली. एकाच वेळी अनेक सूर दाबून होणाऱ्या स्वरसंघांची मालिका भराभर बदलत जायची आणि प्रत्येक संघाला धरून वादकाने जागच्या जागी चाल रचायची, असा तो मामला होता. डेव्हिस १९४४ साली अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला आला आणि थोड्याच काळात पार्करच्या साथीला उभा राहिला. पंधरा वर्षे त्या धावपळीत काढल्यावर त्याला वाटू लागले की, एवढे स्वरसंघ हवेत कशाला? वादकाला एक स्वरपंक्ती द्यावी आणि तिच्यात हिंडू द्यावे. हा विचार त्या एकट्याचा नव्हता. जॉर्ज रसेल या विचारवंत संगीतकाराने त्याची शास्त्रीय मांडणी १९५३ सालीच केली होती. डेव्हिसने मात्र तो विचार पोथीतून काढून ओठावर आणला.

ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झाले, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी. कोलंबिया कंपनीने तिसाव्या रस्त्यावरचे एक जुने चर्च घेऊन त्याचा स्टुडिओ केला होता. छत फार उंच, जमीन लाकडी. त्यामुळे आवाजाला एक नैसर्गिक आस येई. ती इमारत आता उरलेली नाही. जमलेले वादक असे: तुतारीवर स्वतः डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स, खर्जाच्या डबल बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. विंटन केली हा त्या वेळी संचाचा नेहमीचा पियानोवादक. तो स्टुडिओत आला तर पियानोवर एव्हन्स बसलेला! पण एक रचना डेव्हिसने केलीसाठीच राखून ठेवली होती. ती ‘फ्रेडी फ्रीलोडर’. तिच्यातला पियानो ऐकावा. रागावलेला माणूस इतका खुशीत वाजवीलसे वाटत नाही.

पहिली रचना ‘सो व्हॉट’. हिच्यात बास बोलतो आणि बाकीचे वादक दोनच सुरांत त्याला हुंकार देतात. रचनेचा सांगाडा एवढाच: सोळा मात्राखंड एका स्वरपंक्तीत, आठ तीच पंक्ती अर्ध्या सुराने वर चढवून, पुन्हा आठ पहिल्या जागी. ही पंक्ती पेटीवर वाजवून पाहिल्यास आपल्या ओळखीचीच निघते. कोमल गांधार, कोमल निषाद, बाकी स्वर शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. पांढरी दोनचा षड्ज धरून काफी वाजवावा, मध्येच काळी दोनवर षड्ज न्यावा आणि परत यावे. हा काफी राग नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. रागाचे चलन, वादी-संवादी, न्यासाच्या जागा यांपैकी तेथे काही नाही. आणि षड्ज हलवणे तर आपल्याला मानवणारच नाही. तरीपण एकाच स्वरपंक्तीत रमून, घाई न करता बढत करण्याचा आनंद आपल्या श्रोत्याला तेथे चटकन सापडतो. दुसऱ्या बाजूवरची ‘ऑल ब्लूज’ याच न्यायाने खमाजाच्या अंगणात फिरते, आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये तर पाच स्वरपंक्ती एकामागून एक ठेवून, प्रत्येकीत किती वेळ राहायचे ते वादकाच्या मर्जीवर सोडले आहे. कोल्ट्रेनने त्याच वर्षी मे महिन्यात ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केली. तिच्यात स्वरसंघ इतके वेगाने बदलतात की ऐकणाराला धाप लागावी. एकच माणूस दोन महिन्यांच्या आत दोन टोकांना उभा होता.

या तबकडीविषयी एक आख्यायिका आहे की, सर्व रचना पहिल्याच दमात मुद्रित झाल्या. आख्यायिका गोड असतात म्हणून त्या तपासाव्यात. सुरुवात करून अर्धवट सोडलेले प्रयत्न पुष्कळ होते; ‘फ्लेमेंको स्केचेस’ तर दोनदा पुरती वाजवली गेली, आणि त्यातली न वापरलेली आवृत्ती पुढे प्रसिद्धही झाली. पण वादकांना रचना आधी ठाऊक नव्हत्या, डेव्हिसने फक्त आराखडे आणले होते, हे एव्हन्सने आवरणावरील लेखातच नमूद केले आहे. ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना आपली, असे एव्हन्स पुढे म्हणे. तबकडीवर नाव डेव्हिसचे आहे. आमचा कौल एव्हन्सकडे झुकतो.

तबकडी १७ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली. त्यानंतर आठच दिवसांनी, २५ ऑगस्टच्या रात्री, डेव्हिस ‘बर्डलँड’ या नाइटक्लबच्या दाराशी पदपथावर उभा होता. दारावरच्या फलकावर त्याचेच नाव होते. एका गोऱ्या स्त्रीला त्याने टॅक्सीपर्यंत पोचवले होते आणि तो वारा घेत होता. पोलिसाने ‘येथून हल’ म्हटले, तो हलला नाही, आणि त्याच्या डोक्यावर दंडुका बसला. रक्ताने माखलेल्या कोटातच त्याला चौकीवर नेले. आरोप न्यायालयात टिकले नाहीत. ज्या सात जणांनी ही तबकडी घडवली त्यांत सहा काळे आणि एक गोरा. कृष्णवर्णीय श्रोत्यांपैकी काहींना हा गोरा पियानोवादक खटके. क्लबच्या दारातला पोलीस काळ्या वादकाला हटकी. तबकडीतील शांतता या दोन्हींच्या मधोमध निर्माण झाली आहे. ती सुखवस्तू माणसाची शांतता नव्हे, एवढे ऐकणाराने ध्यानात ठेवावे.

आता सुराची गोष्ट. २ मार्चला स्टुडिओत दोन यंत्रे एकाच वेळी फीत ओढत होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य यंत्र त्या दिवशी किंचित मंद चालत होते. मंद यंत्रावर भरलेली फीत नंतर योग्य गतीच्या यंत्रावर लावली की ती वेगाने पळते आणि सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या, म्हणून तिन्ही चढल्या. चढ अर्ध्या सुराहून कमी, पण कानाला जाणवेल इतका. एप्रिलपर्यंत यंत्र ठीक झाले होते, त्यामुळे दुसरी बाजू शुद्ध राहिली. तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्या मुलांना पहिल्या बाजूशी आपले वाद्य जुळवता येईना, आणि दोष आपलाच असे ती बिचारी समजत. अखेर १९९२ साली पुनर्मुद्रणाच्या वेळी राखीव यंत्राची फीत बाहेर काढली गेली. ती योग्य गतीची निघाली.

चुका तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. आरंभीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे उलटसुलट पडली आणि अ‍ॅडर्लीच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. कोलंबियाच्या त्या काळच्या तबकड्यांच्या चकतीवर सहा डोळ्यांसारख्या खुणा असत. अशी ‘सहा डोळ्यांची’ पहिली प्रत आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात, आणि त्यातही चुकलेल्या नावांची असली तर अधिक आनंदाने. चुकीलाही भाव येतो, हे टपाल-तिकिटे जमवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

पुनर्मुद्रण म्हणजे केवळ पुन्हा छापणे नव्हे. फितीवरचा आवाज आधी यंत्राने एका मऊ लेपाच्या चकतीवर खाचेच्या रूपाने कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांत तबकड्या दाबतात. साचे झिजतात, ते पुन्हा करावे लागतात. फीत जुनी होते, मग तिची प्रत काढतात आणि प्रतीची प्रत. दर वेळी थोडेसे हरवते. शिवाय कोरणाऱ्याचा कान मध्ये येतो. खर्ज किती ठेवावा, झांज किती चमकू द्यावी हे तो ठरवतो. म्हणून एकाच मुद्रणाच्या दोन आवृत्त्या दोन भाषांतरांसारख्या वेगळ्या असतात. क्लासिक रेकॉर्ड्‌स या कंपनीने १९९०नंतरच्या दशकात काढलेल्या आवृत्तीत प्रामाणिकपणे दोन्ही दिले होते, जुनी चढी बाजू आणि दुरुस्त बाजू. २०१५ साली मोबाइल फिडेलिटी कंपनीने हेच संगीत मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर दिले. फेऱ्या अधिक म्हणजे सुईखालून खाच अधिक लांब जाते आणि बारकावे ऐसपैस बसतात. मात्र दर दहाबारा मिनिटांनी उठावे लागते. ‘सो व्हॉट’मध्ये डेव्हिसची तुतारी सुरू होताच कॉब झांजेवर एक आघात करतो. तो जोराचा झाला असे कॉबला स्वतःला वाटले होते. चांगल्या प्रतीत त्या आघाताची आस कितीतरी वेळ हवेत विरत जाते; वाईट प्रतीत ती नुसती खसखसते. प्रत पारखायची असेल तर तेवढी एक जागा पुरे.

आमच्या एका स्नेह्याकडे जुनी आणि दुरुस्त अशा दोन्ही तबकड्या आहेत. एका रविवारी पेटी घेऊन आम्ही तिघे-चौघे बसलो. जुन्या तबकडीबरोबर पांढरी दोन दाबली तर ती कमी पडे, काळी दोन दाबली तर ती पुढे जाई. सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकला होता. बाजू उलटली, ‘ऑल ब्लूज’ला पांढरी पाच धरली, आणि पेटी बरोब्बर मिळाली! मग दुरुस्त तबकडीची पहिली बाजू लावली. पांढरी दोनवर षड्ज येऊन बसला. तुतारीचा आवाज किंचित गडद वाटला, चेंबर्सचा बास जमिनीला टेकला.

येथे वाद निघाला. एकजण म्हणाला, जगाने जी ऐकली, ज्या आवाजाने पुढचे संगीत घडले, ती चढी तबकडीच इतिहासाला खरी. दुरुस्ती करणारे तुम्ही कोण? या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण इतिहास ऐकणाऱ्यांचा असतो तसा वाजवणाऱ्यांचाही असतो. चेंबर्स १९६९ साली तेहतिसाव्या वर्षी गेला, कोल्ट्रेन त्याआधी दोन वर्षे, चाळिसाव्या वर्षी. केली १९७१ साली, अ‍ॅडर्ली १९७५ साली आणि एव्हन्स १९८० साली गेला. त्यांच्यापैकी कोणीही हयात असताना त्यांनी लावलेला सूर बाजारातल्या तबकडीवर आला नाही. डेव्हिस १९९१ साली वारला, दुरुस्त आवृत्ती निघण्याच्या आदल्या वर्षी. सातांपैकी एकटा कॉब तेवढा उरला. तो २०२० साली एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. ज्यांनी सूर लावला त्यांचा सूर त्यांना परत देणे, हे आम्हाला आधी करण्याचे काम वाटते.

स्नेह्याने दोन्ही तबकड्या ठेवल्या आहेत. जुनीच्या कागदी पाकिटावर त्याने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: ‘बाजू पहिली, पांढरी दोनहून चढी. पेटी लावू नये.’