बाकी समक्ष

आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत आंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आहे. माझे काका शिक्षक. आणीबाणीत ते येरवड्याच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. काकूंनी त्यांना पाठवलेली ही पत्रे सुटून येताना त्यांनी बरोबर आणली. प्रत्येकावर तपासणीचा शिक्का आहे आणि दोन पत्रांत काही ओळींवर काळी शाई फिरवलेली आहे. घर कसे चालले आहे, पैसे कोण देते, याबद्दल मात्र एका पत्रात एक अक्षर नाही. मुलांची खुशाली, पाऊसपाणी आणि शेवटी 'बाकी समक्ष'. काका सुटले, पण काकूंची ही सवय सुटली नाही.

तुरुंगातल्या पत्रांचे नियम वेगळे असतात, हे मला पुढे कळले. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण तुरुंगाबाहेरच्या माणसाचे पत्र, फोन, बँकेचे खाते उघडून पाहण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळतो आणि त्याला लगाम कोणाचा, या प्रश्नाने नोकरी सांभाळून मला संविधान सभेच्या खंडांपर्यंत नेले.

मूळ वसाहतकाळातले. 1885च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' या कारणासाठी तारा अडवण्याची मुभा सरकारला दिली. 1898च्या टपाल कायद्याच्या 26व्या कलमाने पत्रांबाबत तेच केले. पुढे टेलिफोन आला, तो तारेच्याच कायद्यात बसवला गेला.

स्वतंत्र भारताला हे बदलण्याची संधी 1947च्या मार्च-एप्रिलमध्ये आली होती. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निवेदनात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने दोन्ही गोष्टी स्वीकारल्या. मग बेनेगल नरसिंह राव यांनी पोलीस तपासाची अडचण पुढे केली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना पुराव्याच्या कायद्याची काळजी वाटली. सल्लागार समितीत दोन्ही कलमे गळली. 30 एप्रिल 1947 रोजी सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराचे कलम पुन्हा मांडून पाहिले, पण ते टिकले नाही.

या गळतीची किंमत लवकरच कळली. 1954 साली झडतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बोट दाखवले: अमेरिकी संविधानासारखे संरक्षण आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, तर ते ओढूनताणून आणता येणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे निःसंदिग्धपणे ऐकायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तेव्हा 1954चे मत बाजूला सारले.

मधल्या काळातला महत्त्वाचा टप्पा डिसेंबर 1996चा. राजकारण्यांच्या फोन-टॅपिंगसंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' न्यायालयात गेली होती. फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, अशी त्यांची मागणी. न्यायालयाने ती मानली नाही. कायद्यात तशी तरतूद नव्हती. त्याऐवजी गृहसचिवाचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, एकूण सहा महिन्यांची मर्यादा आणि फेरतपासणीसाठी सचिवांची समिती, अशी चौकट घालून दिली. म्हणजे आदेश सचिवाचा आणि तपासणीही सचिवांचीच.

पैशाच्या बाबतीत न्यायालय अधिक स्पष्ट बोलले. आंध्र प्रदेशात मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणालाही बँकेतली कागदपत्रे पाहण्याची मुभा दिली होती. कॅनरा बँकेच्या खटल्यात 2004 साली ती रद्द झाली. कागद बँकेकडे सोपवला म्हणून त्यावरचा माणसाचा खासगीपणा संपत नाही. तो जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेला असतो, असा त्या निकालाचा गाभा. पण 1 जुलै 2005 रोजी मनी लाँडरिंगविरोधी कायदा अमलात आला आणि दहा लाखांवरचे रोख व्यवहार, शिवाय संशयास्पद व्यवहार, बँका आपणहून सरकारी यंत्रणेला कळवू लागल्या. संशयाची नोंद खातेदाराला कळतही नाही.

पाळत नकोच, असे मी म्हणणार नाही. 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातले फोन ऐकले गेले आणि ते संभाषण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा म्हणून टिकले. सार्वजनिक सुरक्षितता म्हणतात ती हीच. त्याच मुंबईत 2019 साली उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन-टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. लाच हा गुन्हा खरा, पण तिथे ना आणीबाणी होती ना सुरक्षिततेचा प्रश्न. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. मात्र दुसऱ्या प्रकरणातले आदेश निघाले होते 2009-10मध्ये. चूक दिसायला दहा वर्षे गेली आणि तीही खटला उभा राहिला म्हणून दिसली. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांना आपला फोन ऐकला गेला हे कळणार कसे?

2023 साली तार आणि टपाल या दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवे कायदे संमत झाले. डिसेंबर 2024च्या नियमांतही फेरतपासणी सचिवांच्या समितीकडेच राहिली. समतोल हा शब्द आपण सहज वापरतो. पण तराजू ज्याच्या हातात, मालही त्यालाच हवा असेल, तर वजन कोणी तपासायचे? संविधान सभेत 1947 साली सुटलेली गाठ मला इथे दिसते: हक्क आता मिळाला आहे, तोलणारा वेगळा हात अजून मिळालेला नाही.

अखेरच्या आजारपणात काकूंनी मला त्या दोन घरांची नावे सांगितली, जिथून आणीबाणीत दरमहा पैसे येत. घरात आम्ही दोघेच होतो, तरी त्यांनी आधी दार लावून घ्यायला सांगितले.