जुन्या कोबोलला नवे वळण

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी कोबोल हे नाव ऐकले असेल. व्यापारी हिशेबांसाठी ही संगणकभाषा १९५९ साली अमेरिकेत आखण्यास सुरुवात झाली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेची तिच्यावर दाट छाप आहे. कोबोलमध्ये माहिती एका विभागात लिहितात आणि तिच्यावर करावयाची कृती दुसऱ्या विभागात. प्रोग्राम लहान असेपर्यंत हे सोयीचे असते. पण बँकांचे प्रोग्राम हजारो ओळींचे झाले, तेव्हा खात्यातील शिल्लक नेमकी कोठे बदलते, हे हुडकणे जिकिरीचे होऊन बसले.

नॉर्वेच्या डाल आणि न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत मात्र माहिती व कृती एकाच ‘वस्तू’त नांदत होत्या. या विचाराने खाते ही वस्तू मानली, तर शिल्लक तिच्याच पोटात राहते. भरणा असो वा उचल, ती खात्याच्या स्वतःच्या कृतींमार्फतच व्हायची.

मायक्रो फोकससारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकात कोबोलला ही सोय दिली. आंतरराष्ट्रीय मानकात ती २००२ मध्ये आली. तोवर नवी पिढी जावाकडे वळली होती. माझ्या मते उशीर हे निम्मेच कारण. बिनबोभाट चालणारा प्रोग्राम केवळ नव्या मांडणीच्या हौसेने पुन्हा लिहिण्याची जोखीम कोणती बँक घेईल? बहुतेक कोबोल जुन्याच वळणाने लिहिले जात राहिले.