पेट्रोल बदलले, गाडी तीच राहिली

दारात फियाट असणे ही आम्हां बेळगावकरांच्या घरांत एके काळी मोठी मानाची गोष्ट होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्यांपैकी काही आजही ताडपत्रीखाली उभ्या आहेत. 'इंजिन थकले' म्हणून आपण त्या भंगारात काढायला निघतो. पण पुष्कळदा इंजिन धडधाकट असते, बदललेले असते ते पेट्रोल.

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी इंजिनाचे 'नॉकिंग' थांबवण्यासाठी शिशाचे संयुग शोधले. पेट्रोलमधले हे शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीलाही झिजेपासून जपत असे. मात्र धुरातून तेच मुलांच्या मेंदूला घातक ठरले. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते योग्यच झाले.

दुसरा बदल आमच्या उंबरठ्याशीच सुरू झाला. २००१ साली इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणे होती. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले. उसाला त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, याचा आम्हांला आनंदच आहे.

जुन्या गाडीची अडचण मात्र वेगळी. टाकीतले पेट्रोल इंजिनावरचा छोटा पंप ओढतो. त्यातला रबरी पडदा आणि वाटेतल्या नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. त्यातच जेटचे भोक जुन्याच मापाचे असल्याने मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. घाटात पंपावर ओले फडके टाकून गाडी पुन्हा सुरू करणाऱ्या पिढीला उन्हाळ्यात नळीतच होणारी पेट्रोलची वाफ ठाऊक होती. ही दुखणी त्यांनी पाहिली नव्हती.

इलाज अवघड नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पंपाचा पडदा बसवावा, टाकी साफ करून घ्यावी, जाणत्या मिस्त्रीकडून जेट तपासून घ्यावे आणि महिनोन्‌महिने जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. गळकी नळी तर आगीला निमंत्रणच, ती आजच बदलावी.

आजोबांची गाडी हा घराच्या इतिहासाचाच कागद आहे. तो भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी एकदा त्याची पेट्रोलची वाट तपासून पाहू या.