जटायूचें यकृत

नाशिक जिल्ह्यांत, इगतपुरी तालुक्यांत, टाकेद नांवाचें तीर्थ आहे. रावणाशीं झुंजून घायाळ झालेल्या जटायूनें तेथें रामचंद्रांच्या समक्ष देह ठेवला, अशी या बाजूच्या लोकांची श्रद्धा आहे. ज्या जिल्ह्यानें एका गिधाडास तीर्थाचा मान दिला, त्याच जिल्ह्यांत आज हरसूलजवळ खोरीपाडा येथें मेलेलीं जनावरें मांडून गिधाडांची पंगत मुद्दाम बसवावी लागते. ही पाळी कां आली, हें समजून घ्यावयाचें तर वाचकांस आमच्यासह थोडा वेळ प्रयोगशाळेंत यावें लागेल. कारण या कथेचें मूळ यकृतांत आहे.

पोटांत गेलेलीं बहुतेक औषधें मोडून टाकण्याचें काम यकृतांतील एन्झाइमें करतात. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंत ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांनीं सशाचें यकृत वाटून त्यांतील मायक्रोसोम हा सूक्ष्म भाग निराळा काढला, आणि तो काचेच्या नळींतसुद्धां औषध मोडतो असें दाखविलें. १९६२ सालीं जपानांत ओमुरा व सातो यांनीं त्यांतील रंगद्रव्याचें स्वरूप ओळखलें. तेंच पुढें पी-४५० या नांवानें प्रसिद्धीस आलें. १९७७ सालीं राने, विल्किन्सन व शांड या त्रयीनें पांढऱ्या उंदरांच्या यकृतावरून असें सिद्ध केलें कीं, नळींत मोजलेल्या वेगावरून सबंध यकृताचा वेग गणितानें वर्तवितां येतो.

हें गणित समजण्यास अवघड नाहीं. माणसाच्या एक ग्रॅम यकृतांत मायक्रोसोमांचें प्रथिन सुमारें ४० मिलिग्रॅम असतें. यकृत सुमारें दीड किलोचें. आणि त्यांतून दर मिनिटास सुमारें दीड लिटर रक्त वाहतें. नळींतील वेग या मापांनीं वाढवीत न्यावयाचा. मात्र जातें कितीही जोराचें असो, वैरण पडेल तेवढेंच दळण निघणार. तद्वत् येणाऱ्या रक्ताहून अधिक रक्ताचा निचरा यकृतास करतां येत नाहीं. शिवाय रक्तांतील प्रथिनांस चिकटून बसलेलें औषध एन्झाइमाच्या हातीं सहसा लागत नाहीं. हें भाकित पुष्कळदां प्रत्यक्षापेक्षां कमी भरतें. तरी पण जोशीबुवांच्या भाकितापेक्षां तें खास भरंवशाचें!

या विद्येंत ज्या औषधाचा वारंवार उल्लेख येतो तें म्हणजे डायक्लोफेनॅक. सांधेदुखीवरील हें औषध माणसांत मुख्यतः २सी९ नांवाचें एन्झाइम मोडतें, आणि एक-दोन तासांत त्याचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येतें. २सी९ ची परीक्षा घ्यावयाची झाली म्हणजे प्रयोगशाळा याच औषधाची कसोटी लावतात, इतका त्याचा परिचय दृढ आहे.

हेंच परिचित औषध १९९० नंतर हिंदुस्थानांत गुरांनाही देण्यांत येऊं लागलें. मेलेलीं गुरें गिधाडांनीं खाल्लीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं भरतपूर येथें गिधाडांचा ऱ्हास प्रथम नोंदविला. १९९२ ते २००७ या काळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें आपल्या देशांत शेंकडा ९९.९ नें घटलीं. कारण २००४ सालीं पाकिस्तानांत लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधलें: औषधानें मूत्रपिंड निकामी होऊन यूरिक आम्लाचे पांढरे थर पक्ष्याच्या आंतड्यांवर व काळजावर सांचत होते. शंभर मुडद्यांत एकाहूनही कमी मुडदा विषारी असला तरी एवढा संहार होण्यास पुरेसा होता.

गिधाडाच्याच वांट्यास हें कां यावें? दक्षिण आफ्रिकेंतील नायडू व स्वान यांनीं २००९ सालीं मूत्रपिंडाच्या पेशींवर प्रयोग केले. अठ्ठेचाळीस तास औषधांत ठेविल्यास डायक्लोफेनॅक व मेलॉक्सिकॅम हीं दोन्हीं पेशींस सारखींच घातक ठरलीं. दोन तासच ठेविल्यास डायक्लोफेनॅकनें घात केला, मेलॉक्सिकॅमनें केला नाहीं. म्हणजे औषध किती वेळ अंगांत टिकतें यावर पुष्कळ अवलंबून; आणि गिधाडाच्या रक्तांत डायक्लोफेनॅक फार वेळ रेंगाळतें. यकृताच्या नळीनें मूत्रपिंडाचा घात आगाऊ सांगितला असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण औषध ठाण मांडून बसेल, एवढा इशारा तींतून मिळूं शकला असता. रीत १९७७ पासून ठाऊक होती. ती गिधाडास लावून पाहण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण तो रोगी नव्हता व गिऱ्हाईकही नव्हता.

२००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बंद केलें. तरी माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळूं लागल्या, म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरची करण्यांत आली. मग ॲसिक्लोफेनॅक उरलें. नांव निराळें, परंतु गुरांच्या शरीरांत शिरल्यावर त्याचें डायक्लोफेनॅकच बनतें. त्यावर व केटोप्रोफेनवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडलें. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीचीं गिधाडें अद्याप घरटीं बांधतात.