टपाल तिकिटावरील कादंबरीकार : वि. स. खांडेकर आणि जुना रत्नागिरी जिल्हा

स्मारक टपाल तिकीट हे शासनाने काढलेले एक प्रकारचे प्रशस्तिपत्रच असते. गौरवावयाची व्यक्ती कोण, तिचा गौरव केव्हा आणि कोणत्या निमित्ताने करावयाचा, हे निर्णय टपाल खात्याच्या पातळीवर होतात. त्यामुळे ज्याच्यावर तिकीट निघाले त्या व्यक्तीइतकीच माहिती ते निवड करणाऱ्या व्यवस्थेविषयीही देते. इतिहासाचे साधन म्हणून शिलालेख, नाणी आणि दफ्तरे यांचा विचार जितक्या गांभीर्याने होतो, तितका तिकिटांचा आपल्याकडे झालेला नाही. तिकीट हा छांदिष्टांच्या संग्रहाचा विषय, एवढ्यावरच तो सोडून दिला जातो. ज्ञानपीठ पुरस्कारप्राप्त कादंबरीकार विष्णु सखाराम खांडेकर यांच्यावर १९९८ मध्ये भारत सरकारने काढलेल्या तिकिटाचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

स्वतंत्र भारताने साहित्यिकांना तिकिटांवर प्रथम ठळकपणे स्थान दिले ते १ ऑक्टोबर १९५२ रोजी. त्या दिवशी निघालेल्या संतकवींच्या मालिकेत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ अशी सहा नावे होती. नाशिकच्या मुद्रणालयात छापल्या गेलेल्या या मालिकेत ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांचे नाव नव्हते, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. कादंबरीकारांच्या बाबतीत बंकिमचंद्रांवर १९६९ मध्ये, शरच्चंद्रांवर १९७६ मध्ये आणि प्रेमचंदांवर १९८० मध्ये तिकिटे निघाली.

रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या व्यक्ती मात्र तिकिटांवर लवकर आल्या. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे तिकीट त्यांच्या जन्मशताब्दीला, १९५६ मध्ये निघाले. १९५८ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे तिकीट निघाले, तेव्हा शंभर वर्षांचे कर्वे हयात होते. हयात व्यक्तीवर तिकीट काढण्याचा हा भारतातील पहिलाच प्रसंग. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तिकीट १९६६ मध्ये आणि रत्नागिरीत स्थानबद्धतेची वर्षे काढलेल्या सावरकरांचे १९७० मध्ये आले. या चारही तिकिटांमागे राजकारण आणि समाजकारण यांतील कर्तृत्व होते. साहित्य हे त्यांचे प्रमुख निमित्त नव्हते.

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ मध्ये सांगली येथे झाला. दत्तक गेल्यामुळे गणेश आत्मारामचे ते विष्णु सखाराम झाले आणि त्यांचा संबंध सावंतवाडीच्या परिसराशी जडला. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. मिठागरांचे हे गाव वेंगुर्ले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. मे १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहामुळे ते देशभर ठाऊक झाले. खांडेकरांच्या कादंबरीलेखनाचा आरंभ याच वर्षीचा, 'हृदयाची हाक'पासूनचा. पुढे 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या शिरोड्याच्या वास्तव्यातच प्रसिद्ध झाल्या. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथाही त्याच काळातील. ध्येयवादी शिक्षक, आर्थिक विषमतेने अस्वस्थ होणारा मध्यमवर्गीय तरुण, शिक्षणाने जागी झालेली स्त्री ही त्यांची पात्रसृष्टी खेड्यातील शाळामास्तराच्या अनुभवातून आकाराला आली, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. पुढे तमिळ अनुवादांतून खांडेकरांना जो प्रचंड वाचकवर्ग मिळाला, त्याचीही पायाभरणी येथेच झाली.

मात्र शासनाने आणि राष्ट्रीय संस्थांनी घेतलेली दखल या काळाची नाही. 'ययाति' १९५९ मध्ये कोल्हापूरच्या वास्तव्यात प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९६८ मध्ये पद्मभूषण, १९७० मध्ये अकादमीचे सदस्यत्व आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार असे सन्मान आले. मराठीला मिळालेले हे पहिले ज्ञानपीठ होय. सप्टेंबर १९७६ मध्ये खांडेकरांचे निधन झाले. तिकीट हा या मालिकेतील शेवटचा दुवा. १९९८ हे जन्मशताब्दीचे वर्ष होते हे खरेच; पण १९९७ मध्ये कुवेंपु, बेंद्रे, गोकाक आणि मास्ती या कन्नड लेखकांवर, तर १९९८ मध्ये बिष्णु दे, ताराशंकर बंदोपाध्याय आणि आशापूर्णा देवी या बंगाली लेखकांवर तिकिटे निघाली. हे सातही लेखक ज्ञानपीठविजेते आहेत, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. टपाल खात्याने साहित्याचे स्वतंत्र मूल्यमापन केले, असे यावरून म्हणता येत नाही. अन्यत्र झालेल्या मूल्यमापनावर त्याने शिक्का उमटविला. परिणामी तिकिटावरील खांडेकर हे 'ययाति'कार खांडेकर आहेत. 'उल्का'चा लेखक त्या चौकटीबाहेरच राहतो.

शिरोड्याच्या विस्मरणाला प्रशासकीय कारणही आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि वेंगुर्ले तालुका त्यात गेला. रत्नागिरीच्या साहित्येतिहासात खांडेकर शेजारच्या जिल्ह्याचे ठरतात, तर कोल्हापुरात, जेथे शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे, ते स्वाभाविकपणे कोल्हापूरचे ठरतात. जिल्ह्याची हद्द बदलल्याने १९३० सालचे वास्तव बदलत नाही, ही साधी बाब जिल्हावार इतिहासलेखनात वारंवार दुर्लक्षिली जाते. साने गुरुजींच्या बाबतीत असे झाले नाही. दापोली तालुक्यातील पालगडचा हा पुत्र २००१ मध्ये तिकिटावर आला. कर्मभूमी खानदेश असूनही 'श्यामची आई'ने पालगडला वाचकांच्या मनात कायमचे स्थान दिले आहे. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत गाव असे नावानिशी ठसत नाही. कल्पनारम्यतेच्या ओघात त्याचे तपशील विरघळतात. लेखकाच्या शैलीचीही किंमत गावाला मोजावी लागते, ती अशी.

टपालाचे कोकणाशी असलेले नाते येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर ज्या जिल्ह्यातील असंख्य घरे चालली, त्या जिल्ह्यात पोस्टमन हा घरच्या माणसासारखा होता. रेल्वे नसलेल्या शिरोड्यातून हस्तलिखिते प्रकाशकांकडे पोचविण्याचा मुख्य मार्गही टपालाचाच असणार. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ च्या जानेवारीत, तिकिटाच्याच वर्षी. शिरोड्याच्या शाळेचे जुने दप्तर, प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार आणि त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांतील आठवणी यांचे संकलन दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगे आहे. त्या पिढीतील विद्यार्थी आता जवळजवळ उरलेले नाहीत, आणि कोकणच्या दमट हवेत कागद फार काळ टिकत नाही.